टॅग ज्याचा, हात त्याचा

चंपतरावांना भिलाईच्या स्टील प्लँटमधून रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण आमच्या घरात ड्यूटी अजून सुरूच आहे. चंपतराव म्हणजे आमचे हे. चौतीस वर्षं इलेक्ट्रिशियन होते. घरात साधा पंखा पुसायचा असला तरी आधी मेन स्विच बंद, मग स्विचवर लाल टॅग. टॅग म्हणजे पत्र्याचा तांबडा तुकडा. त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, 'काम चालू आहे, स्विच लावू नका.' प्लँटचा नियम असा की ज्यानं टॅग लावला त्यानंच तो काढायचा. मग साहेब येवो की साहेबाचा बाप. 'टॅग ज्याचा, हात त्याचा.' लग्न झाल्यापासून त्रिशरणाच्या खालोखाल मी काही जास्त वेळा ऐकलं असेल तर हेच. एकदा मिक्सरच्या बोर्डाला टॅग लावून हा माणूस बाजारात गेला, आणि मी चार पाहुण्यांची चटणी पाट्यावर वाटली.

हे वेड फक्त आमच्याच घरात असतं तर मी डोक्याला हात लावून गप्प बसले असते. पण आमच्या खुर्सीपार वस्तीत एक घर सोडून दुसऱ्या घरातला माणूस प्लँटमध्ये असतो, नाहीतर ठेकेदाराकडे, नाहीतर रसमड्याच्या कारखान्यांमध्ये. आमच्या गल्लीतली पोरं बाराखडीच्या आधी लाल टॅग ओळखतात. चेंडू स्विचबोर्डाखाली गेला आणि वर टॅग दिसला तर चेंडू तिथेच राहतो.

आता मुद्द्याचं सांगते. आमच्या बुद्ध विहाराच्या बाजूच्या खोलीत दीड वर्षापासून कॉम्प्युटरचा क्लास चालतो. एका ऑफिसनं जुने झाले म्हणून काढून टाकलेले पाच कॉम्प्युटर दीक्षानं खेटे घालून मिळवले. दीक्षा म्हणजे माझ्या भावाची मुलगी, कॉलेज करून बायकांना शिकवते, एक रुपया घेत नाही. वायरिंग चंपतरावांनी केलं. पाचही कॉम्प्युटरचे प्लग त्यांनी एका लोखंडी पेटीत घेतले आणि पेटीला कुलूप ठोकलं, पोरांनी बोटं घालू नयेत म्हणून. किल्ली त्यांच्या करदोट्याला. मी म्हटलं, "बँकेची तिजोरी हाये का?" तर म्हणाले, "तिजोरीनं मानूस मरत नाही, करंटानं मरते." अशा माणसाशी बोलून काय उपयोग!

क्लासला आम्ही पाचजणी परीक्षेपर्यंत टिकलो. बाकीच्या लग्नसराईत गळल्या. सगळ्यात म्हाताऱ्या गयाबाई. त्या पहिल्या आठवड्यात माऊस पोळपाटावर लाटणं फिरवावं तसा दोन्ही हातांनी फिरवायच्या. मी स्वतः फार हुशार नाही आणि मला रागही लवकर येतो. मशीन थांबलं की मी एकच बटण सतरा वेळा दाबते. दीक्षा म्हणायची, "आत्या, त्याला एकदाच सांगितलं तरी ऐकू येते." मी म्हणायची, "तुया आत्याले चौतीस वर्षं न ऐकणाऱ्या मानसाची सवय हाये."

पण तुळसाची गोष्ट वेगळी होती.

तुळसाबाई माझी शेजारीण, वय सत्तेचाळीस. माहेर गोंदियाकडचं, तेव्हाची मॅट्रिक, तीही चांगल्या मार्कांनी. तिचा नवरा अमरदीप रसमड्याच्या एका रोलिंग मिलमध्ये मेकॅनिक होता. अकरा वर्षांपूर्वी तो क्रेनवर चढून दुरुस्ती करत होता. खाली पॅनेलला त्याचा टॅग लावलेला होता. पाळी बदलायची वेळ होती. कोणाला वाटलं काम संपलं, त्यानं टॅग काढला आणि क्रेन चालू केली. अमरदीप घरी आला तो ॲम्ब्युलन्समधून. तेव्हापासून तुळसा एका लोखंडी कामाच्या शेडमध्ये ठेकेदाराकडे झाडू मारते, भुकटी उचलते, पाट्या वाहते. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, मध्ये जेवायला अर्धा तास. मुलीचं लग्न तिनं याच पाट्यांवर केलं. दोन वर्षांपासून तिला धाप लागायला लागली. वस्तीत एका ट्रस्टचा दवाखाना आहे, तिथल्या डॉक्टर मॅडमनी छाती तपासून सरळ सांगितलं, "ही धूळ सोडा, नाहीतर औषधाचा काही उपयोग नाही."

धूळ सोडा म्हणणं सोपं आहे. धूळ सोडली तर चूल कशावर पेटवायची? त्याच मॅडमनी वाट काढली. दवाखान्याच्या पर्ची काउंटरवरची मुलगी लग्न होऊन चालली होती. आलेल्या माणसाचं नाव, वय, तक्रार कॉम्प्युटरमध्ये टाकायची आणि पर्ची छापून द्यायची. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही मॅट्रिक आहात. कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट महिनाअखेरपर्यंत आणा, मी तुमच्यासाठी जागा धरून ठेवते. पुढे मात्र माझ्या हातात नाही."

महिनाअखेरीच्या आधी परीक्षा एकच होती. मार्चातला तो रविवार. त्याच्यानंतरची तीन महिन्यांनी.

मग तुळसानं काय केलं? दीक्षाकडून एक मोडका कीबोर्ड मागून घेतला, कशाला न जोडलेला, आणि भात शिजेपर्यंत तो मांडीवर घेऊन बसायची. शेडमधल्या सगळ्या बायकांची नावं त्यावर टाइप करायची. सुशीला, वय चाळीस, खोकला. पार्वती, वय पन्नास, गुडघे. मी एकदा विचारलं, "मी कोनत्या बिमारीत हाये?" तर न हसता म्हणाली, "रुक्मा, वय सत्तावन, बीपी." मी म्हटलं, बीपी नाही, नवरा लिही.

परीक्षेच्या दिवशी आम्ही पाचजणी साडेदहाला विहारात जमलो. बाबासाहेबांच्या फोटोला आणि बुद्धमूर्तीला वंदन केलं. गयाबाईंनी नवी पांढरी साडी नेसली होती, जशी काही बोर्डाची परीक्षा. प्रफुल नावाचा मुलगा परीक्षा घ्यायला आला होता. दुर्गच्या रेल्वेवाल्या मराठी घरातला, तेवीस-चोवीसचा, मराठी घरापुरती आणि बाहेर सगळी हिंदी. मुलगा बरा होता. त्यानं नियम सांगितले. चाळीस प्रश्न, एक तास, पास व्हायला सोळा बरोबर. पेपर अकराला उघडणार आणि एकला आपोआप बंद होणार. पेपर याच पाच मशीनवर चालणार, नंबर नोंदलेले आहेत, मोबाइलवर नाही आणि दुसरीकडेही नाही.

दीक्षानं खोली उघडली, बटण दाबलं. पंखा फिरला नाही. पुन्हा दाबलं. मग आम्ही सगळ्यांनी मान वळवली आणि दाराजवळच्या मेन स्विचकडे पाहिलं.

स्विच खाली होता आणि त्याला लाल टॅग लटकत होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे सकाळी नऊलाच "जरा विहारात पाहून येतो" म्हणून निघाले होते. आता टॅग इथे आणि टॅगवाला गायब. मी फोन लावला. फोन खोलीतच वाजला. खिळ्याला त्यांचा शर्ट टांगलेला होता, त्याच्या खिशात. म्हणजे कामाचा जुना शर्ट घालून, सायकल घेऊन कुठेतरी गेले असणार.

"येतीन," गयाबाई म्हणाल्या. "चहा प्याले गेले असतीन."

सव्वाअकरा झाले. दीक्षा चौकातल्या दोन्ही टपऱ्यांवर जाऊन आली. मी गच्चीवर चढून पाहिलं, मागच्या बोअरच्या पंपाजवळ पाहिलं. कुठे माणूस नाही, शिडी नाही, पक्कड नाही. या मेनवरूनच शेजारच्या बालवाडीलाही लाइन जाते, पण बालवाडीला रविवारचं कुलूप. दीक्षा म्हणाली, चक्कीवाल्याकडून लांब वायर ओढू. पण प्लग तर पेटीत, पेटीला कुलूप आणि किल्ली करदोट्याला! त्या कुलपाकडे पाहून मी जे बोलले ते विहारात बोलायचं नसतं.

साडेअकरा झाल्यावर प्रफुल उठला. "आंटी, बस एक स्विच ही तो है. मी लावून देतो ना." आणि हात पुढे केला.

"ए!" पाचही बायका एकदम ओरडल्या. गयाबाईंनी तर पायातली चप्पल काढली. पोरगा दोन पावलं मागे सरला. त्याला वाटलं असेल, कुठल्या वेड्यांच्या गावात आलो. दीक्षानं त्याला समजावलं की टॅग असा काढत नसतात. तो म्हणाला, "पर यहाँ कोई काम तो कर नहीं रहा." त्याचं काही चुकलं नव्हतं. पण खुर्सीपारच्या बाईला हे पटवून द्यायला जन्म जातो.

मग आम्ही बसलो. खरंच सांगते, पाच शिकलेल्या-सवरलेल्या बायका बंद स्विचसमोर सतरंजीवर हात बांधून बसलो होतो. घड्याळ चालत होतं. पावणेबारा. बारा. मी तुळसाकडे पाहत होते. ती भिंतीला टेकून बसली होती आणि हातरुमालाची घडी करत होती, उलगडत होती, परत करत होती. तिच्या छातीतली शिट्टी मला इकडे ऐकू येत होती. पुन्हा तीन महिने ती धूळ. तीन महिन्यांनी काउंटरवर दुसरी कोणी बसलेली असणार. आणि हे सगळं कोणामुळे? माझ्या नवऱ्यामुळे. मला लाज वाटत होती, आणि मला लाज वाटली की तिचा राग होतो.

बारा वाजून पाच मिनिटांनी मी उठले. कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, स्विचखाली ठेवलं आणि वर चढले.

"वयनी." तुळसा कधी उठली ते मला कळलं नाही. तिनं माझं मनगट धरलं होतं. "राहू दे."

"सोड. माया नवऱ्याचा टॅग हाये, मी नाही काढीन तं कोन काढीन? मी सगळीकडं पाहून आली. कोनी नाही."

"बालवाडीत पाह्यलं?"

"कुलूप हाये तिले!"

"मंग तुले नाही माहीत."

"तुयी परीक्षा जाऊन राहिली, तुळसा! तुले कळून राहिलं का?"

"मलेच तं कळून राहिलं." तिनं मनगट सोडलं नाही. हात भट्टीजवळ काम केल्यासारखा गरम होता. "त्या दिवशी ज्यानं माया मालकाचा टॅग काढला, तो काही वाईट मानूस नव्हता, वयनी. घाईत होता. त्यानंही सगळीकडं पाह्यलं होतं. मालकाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घरी आला, उंबऱ्यापाशीच बसून राहिला. पानी देल्लं तं पानीही नाही घेतलं. मी त्याले कधी शिव्या नाही देल्ल्या. पन मी त्याच्यासारखी होनार नाही. अन् तुलेही होऊ देनार नाही."

मी स्टुलावरून उतरले. गयाबाई डोळ्याला पदर लावत होत्या. प्रफुलला सगळी मराठी कळली की नाही कोण जाणे, पण त्यानं हात खिशात घातले ते लवकर बाहेर काढले नाहीत. थोड्या वेळानं तो तुळसाजवळ जाऊन हळूच म्हणाला, "मौसी, मग मी रिपोर्ट लिहू? लाइट नहीं थी, पेपर कॅन्सल. फीस पुढच्या वेळी लागणार नाही."

"लिही बाबू," तुळसा म्हणाली.

तो लिहायला बसला. तुळसा त्याला सेंटरचं नाव सांगत होती, वॉर्ड सांगत होती, आवाज अगदी नेहमीचा. मी मात्र भिंतीकडे तोंड करून रडले. राग, लाज आणि तिच्याबद्दलची माया, तिन्ही एकदमच आलं.

बारा वाजून वीस मिनिटांनी बाहेर सायकलची घंटी वाजली.

चंपतराव आत आले ते घामानं निथळत, हातात पिशवी, चेहऱ्यावर विजयाचा आनंद. "सकाळी एमसीबी हातानं पाह्यली, गरम लागली. म्हटलं, परीक्षेत गेली तं? पावर हाऊस चौकातल्या दुकानात गेलो, तो अकराले उघडला अन् लोकल माल दाखवते! मी म्हटलं, पोरीबाईची परीक्षा हाये, लोकल नाही चालत. मंग दुर्गले गेलो." आणि पिशवीतून ती नवी एमसीबी, लोड वाढला की आपोआप पडणारं ते बटण, अशी बाहेर काढली जशी काही धाकटी सून दाखवतायत.

"परीक्षा कधीची होती?" मी विचारलं.

"होती कावून म्हनते? एकची ना?"

"एकले बंद होनार होती! अकराले सुरू होती!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग प्रफुलच्या कागदाकडे, मग तुळसाकडे. आनंद असा उतरला की मला क्षणभर दया आली. क्षणभरच. "टॅगवर वेळ लिवायची जागा असते ना? नाव लिवायची असते ना? कोरा टॅग लावून जाते का कोनी? अन् फोन शर्टात! इथं ही बाई दीड तासापासून..."

"वयनी," तुळसा मध्येच म्हणाली, "बोलनं मंग बोल. भाऊजी, किती वेळ लागीन?"

"दहा मिनिटं," ते म्हणाले आणि बोर्डाला भिडले. एक गोष्ट कबूल करते, काम करताना हा माणूस बघत राहावा असा आहे. एक हात फालतू हलत नाही. स्क्रू तोंडात, टॉर्च काखेत. जुनी काढली, नवी बसवली, तारा आवळल्या, पेटीचं कुलूप काढून आतले प्लग एकेक दाबून पाहिले. मग स्टुलावर चढून त्यांनी आपल्या हातानं टॅग काढला आणि स्विच वर केला. पंखा फिरला. बारा चौतीस.

जुने कॉम्प्युटर उठायला वेळ घेतात, आमच्यासारखेच. तेवढ्यात प्रफुल आमच्यासमोर उभा राहिला. रिपोर्टचा कागद त्याच्या हातात होता, त्यावर सही व्हायची होती.

"ऐका. मशीन सुरू व्हायला चार मिनिटं लागतील. म्हणजे बावीस मिनिटं उरतात. एका तासाचा पेपर बावीस मिनिटांत. और एक बात. सेंटरचा रिपोर्ट एकच असतो. पेपर उघडला तर सगळ्यांचा उघडणार, कॅन्सल केला तर सगळ्यांचा कॅन्सल. आणि जी फेल झाली तिला सहा महिने पुन्हा बसता येत नाही. कॅन्सल केलं तर तीन महिन्यांनी पूर्ण एक तास मिळेल. मौसी, सोच लो."

तुळसानं आमच्याकडे पाहिलं. मागणं तिच्या स्वभावातच नाही.

गयाबाईंनी चष्मा पुसला आणि सगळ्यांच्या आधी जाऊन खुर्चीत बसल्या. "मी अडुसष्ट वर्षाची हाये. मले सहा महिन्यानं काय अन् सहा वर्षानं काय. उघड रे बाबू." बाकीच्या दोघी त्यांच्या मागोमाग गेल्या. मी सगळ्यात शेवटी बसले, कारण मला आधी चंपतरावांना खोलीबाहेर काढायचं होतं. प्रफुलनं कागद फाडला.

बावीस मिनिटं. मी माझ्या पेपरकडे किती पाहिलं ते विचारू नका. माझ्या उजव्या हाताला तुळसा होती. तिनं एकदाही मान वर केली नाही. एक प्रश्न वाचायची, ओठ हलायचे, टिचकी मारायची, पुढे जायची. घाई नाही आणि थांबणंही नाही. येत नाही तो प्रश्न सोडून द्यायची आणि त्याच्यासाठी हळहळत बसायची नाही. छातीत शिट्टी वाजतच होती. इकडे मी 'फाइल कुठे सेव्ह होते' या प्रश्नावर तीन मिनिटं चिडून बसले होते. डावीकडे गयाबाईंचा माऊस कसा टकटक टकटक एकसारखा चालला होता. नंतर कळलं की त्यांनी वेळ कमी म्हणून शेवटच्या सगळ्या प्रश्नांना दुसऱ्या नंबरचं उत्तर दिलं होतं.

एक वाजला आणि पाचही पडदे एकदम पांढरे झाले.

तुळसा म्हणाली, "चोवीस झाले." एवढंच. चाळीसपैकी चोवीस, आणि त्यातले सोळा बरोबर यायला हवे होते.

चंपतराव दारात उभे होते. आत यायची हिंमत नव्हती. टॅग अजून हातातच होता. "तुळसाबाई," ते म्हणाले, "मले माफ कर. खरं सांगतो, लाइनवर कोनीच नव्हतं. तुमी कोनी स्विच लावला असता तं काही झालं नसतं. दोन तास जुनी एमसीबी चालली असती. तुयी परीक्षा पूर्न झाली असती."

मला वाटलं, झालं! आता हे ऐकून बाई कोसळणार. असं खरं बोलायची काय गरज होती या माणसाला? पण तुळसा पदर सावरत म्हणाली, "काही झालं नसतं हे आता कळलं ना, भाऊजी? बाराले कोनाले माहीत होतं?" मग म्हणाली, "टॅग लावून गेलते तुमी. मी तेवढं पाह्यलं. पन आता वेळ लिवत जा बाप्पा."

त्या दिवशी मी घरी नवऱ्याशी बोलले नाही. पिठलं-भात वाढला आणि बोलले नाही. नुसतं बसून त्यांनी घरातल्या सगळ्या टॅगांच्या मागे पांढऱ्या रंगानं तीन ओळी आखल्या. नाव, वेळ, कुठे गेलो. मग ते टॅग मला दाखवायला आणले. मी म्हटलं, "चौथी ओळ आखा. बायकोले सांगितलं का." त्यांनी खरंच आखली. अशा माणसावर किती दिवस रागावणार?

निकाल तीन दिवसांनी दीक्षाच्या मोबाइलवर आला. ती धावत गल्लीत आली. ओढणी एका खांद्यावरून लोंबत होती. तुळसा तेव्हा नुकतीच शेडवरून येऊन नळावर हात धूत होती, कोपरापर्यंत काळे हात.

"एकोणीस!" दीक्षा ओरडली. "मावशी, चोवीसमधले एकोणीस बरोबर!"

तुळसानं नळ बंद केला. आधी पाणी वाया जायला नको, मग बाकीचं. हात पदराला पुसले, मोबाइल घेतला आणि स्वतःचं नाव वाचलं. मग ती तिथेच नळाच्या ओट्यावर बसली आणि मोठ्यानं हसायला लागली. अकरा वर्षांत मी तिला हसताना पाहिलं होतं, पण आवाज ऐकला नव्हता. हसता हसता तिला खोकला आला, खोकता खोकता परत हसू आलं. गल्लीतल्या बायका काय झालं म्हणून बाहेर आल्या.

गयाबाईंना सतरा मिळाले. दुसऱ्या नंबरचं उत्तर जिंदाबाद! आता त्या सगळ्या गल्लीला अभ्यास कसा करावा ते शिकवतात. मला पंधरा मिळाले. एकानं गेले. चंपतरावांनी मला काही बोलायला तोंड उघडलं, मग माझं तोंड पाहून मिटलं. मला सहा महिने थांबायचं आहे आणि मला त्याचं खरोखर काही वाटत नाही. तसं थोडं वाटतं, गयाबाई समोर आल्या की.

एक एप्रिलला मला बीपीची गोळी संपली म्हणून दवाखान्यात जायचं होतं. गोळी अजून चार दिवसांची शिल्लक होती, पण मी गेले. काउंटरपुढे दहा-बारा माणसांची रांग होती. काचेच्या पलीकडे तुळसा होती, धुतलेली फिकट निळी साडी नेसलेली, केस चापून बसवलेले. आणि ती उभी होती. मागे चांगली गादीची खुर्ची होती, पण ही बाई उभी राहून, कंबरेत वाकून टाइप करत होती. नाव विचारायची, वाकायची, टाइप करायची, सरळ व्हायची, पर्ची द्यायची. पुढचा माणूस आला की पुन्हा तेच. मला वाटलं, बाईला जरा पाठीचं काही असेल.

माझा नंबर आला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि अगदी ऑफिसातल्या आवाजात विचारलं, "नाव?"

"आता माहीत नाही का तुले?"

"विचारा लागते. नाव?"

"रुक्मा चंपत." मी नाइलाजानं सांगितलं. वय सांगितलं. बीपी सांगितलं. तिची बोटं भराभर चालली. पर्ची छापून आली. ती घेताना मी काचेखालून हळूच विचारलं, "अवो, उभी कावून हायेस? पाठ दुखते का?"

"नाही तं."

"मंग बस ना."

तिनं मागे वळून खुर्चीकडे पाहिलं, जशी काही ती दुसऱ्या कोणाची आहे. मग आतल्या दाराकडे पाहिलं. "कामाच्या वेळी?" तिनं विचारलं.

ठेकेदाराच्या शेडमध्ये कामाच्या वेळी बाई बसली की तिची हजेरी कापली जायची, अकरा वर्षं हेच. माझ्या मागे रांगेत माणसं कुरकुरत होती, एक लेकरू रडत होतं. मी पर्ची हातात धरून तशीच उभी राहिले. मला हलायचंच नव्हतं.

"हो माय," मी म्हटलं. "खुर्चीत बसनं, हेच काम हाये तुयं."

तिनं आधी एका हातानं खुर्ची चाचपली. मग बसली.